शिवडी ते बीकेसी: गाड्यांच्या धंद्यातला परदेशी पैसा

१५ जुलै २०२५ ला वांद्रे-कुर्ला संकुलात, म्हणजे बीकेसीत, टेस्लाची शोरूम उघडली. त्या आठवड्यात माझा भाचा भर पावसात ती बघून आला आणि घरात शिरता शिरता म्हणाला, "मामा, आली बघ परदेशी गुंतवणूक! तू एवढी वर्षं बँकेत होतास, तुला काय वाटतं?"

मी म्हटलं, "तू गाडी बघून आलास. गुंतवणूक अजून बघायची आहे."

तो खट्टू झाला. पण त्याचा गोंधळ एकट्याचा नाही. परदेशी कंपनीची गाडी रस्त्यावर दिसली की परदेशी पैसा देशात आला, असं आपण धरून चालतो. बीकेसीतली ती गाडी शांघायच्या कारखान्यात तयार होऊन जहाजाने आली. किंमत तेव्हा साठ लाखांच्या घरात, आणि त्यातला मोठा वाटा आपल्या सरकारच्या आयात शुल्काचा. याला आयात म्हणतात. शोरूमचं भाडं, चार माणसांचे पगार, चार्जर बसवण्याचा खर्च ही गुंतवणूक खरी, पण ती दुकान थाटण्याएवढीच.

फोर्टातल्या एका बँकेच्या परकीय चलन विभागात मी नोकरी केली. तिथे गुंतवणुकीचं रूप फार रुक्ष असतं. परदेशातून डॉलर किंवा येन येतात, त्यांचे रुपये होतात, इथली कंपनी त्या बदल्यात शेअर देते आणि दिल्यापासून तीस दिवसांत ठरावीक फॉर्म बँकेमार्फत रिझर्व्ह बँकेला जातो. हा फॉर्म गेला की थेट परकीय गुंतवणूक, म्हणजे एफडीआय, नोंदली जाते. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत परदेशी गुंतवणूकदाराचा वाटा दहा टक्के किंवा जास्त असेल तर ती थेट गुंतवणूक. त्याहून कमी असेल तर तो पोर्टफोलिओचा पैसा, जो सकाळी दलाल स्ट्रीटवर येतो आणि मनात आलं तर संध्याकाळी निघतो. कारखान्याची जमीन, प्रेस शॉप, पेंट शॉप असं संध्याकाळी उचलून नेता येत नाही, म्हणून सरकारांना थेट गुंतवणुकीचं एवढं अप्रूप.

आणि पेपरात छापून येतात ते हजारो कोटींचे सामंजस्य करार? ते या हिशेबात कुठेच नसतात. सामंजस्य करार म्हणजे साखरपुडाही नव्हे, नुसता कांदेपोह्यांचा कार्यक्रम. पुढे लग्न होतं कधी कधी, नाही असं नाही.

भाच्याला समजावताना माझ्या लक्षात आलं की ही सगळी गोष्ट मुंबईच्या नकाशावर तीन ठिपक्यांत सांगता येते: शिवडी, कुर्ला आणि बीकेसी.

शिवडीपासून सुरू करू. १९२८ मध्ये अमेरिकेच्या जनरल मोटर्सने तिथे गाड्या जुळवायचा कारखाना काढला. भारतातला हा पहिलाच. 'जुळवायचा' हा शब्द मुद्दाम वापरतोय. गाडी परदेशात बनायची, सुटी करून खोक्यांत भरली जायची, गोदीत उतरायची आणि शेजारी शिवडीत तिचे भाग एकमेकांना जोडले जायचे. शिवडीच का, ते बंदराकडे बघितलं की कळतं. धंद्यात अशा संचाला सीकेडी किट म्हणतात. फोर्डनेही पुढे याच पद्धतीने मुंबईत गाड्या जुळवल्या.

स्वयंपाकघरात आणून सांगतो. दुकानातून तयार पुरणपोळी आणली तर ती पूर्ण बनलेली आयात गाडी. पुरण आणि मळलेली कणीक दोन्ही विकत आणून घरी फक्त लाटली आणि भाजली तर ती सीकेडी. हरभऱ्याची डाळ शिजवून, पुरण वाटून, कणीक तिंबून केली तर ते उत्पादन. तिन्ही पोळ्या ताटात सारख्याच दिसतात. पण घरात कोण काय शिकलं आणि गल्लीतल्या वाण्याचा किती माल खपला, याचं उत्तर तिन्ही वेळा वेगळं येतं.

सरकार कर लावतं तेही याच उतरंडीने. २०२५ मध्ये पूर्ण बनलेल्या गाडीवर सत्तर टक्के, महागड्या गाडीवर शंभरच्या वर. जुळवणीच्या किटवर तीस-पस्तीसच्या आसपास. सुट्या भागांवर साधारण पाच ते पंधरा. म्हणजे आलेलं खोकं हे 'किट' की 'सुटे भाग', या एका शब्दावर कोट्यवधी रुपये फिरतात. सप्टेंबर २०२४ मध्ये सीमाशुल्क विभागाने स्कोडा-फोक्सवॅगनच्या भारतीय कंपनीला तब्बल १.४ अब्ज डॉलरची नोटीस धाडली. खात्याचं म्हणणं असं, की जवळजवळ अख्खी गाडी वेगवेगळ्या खेपांमध्ये सुटे भाग म्हणून आणली आणि कमी शुल्क भरलं. कंपनीने हे नाकारून मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. पुरणपोळी घरची म्हणायची कधी, हा वाद आता वकील लोक घालतायत.

शिवडीकडे परत जाऊ. स्वातंत्र्यानंतर दिल्लीला हाच प्रश्न पडला होता. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने सांगितलं, की ज्यांच्याकडे इथेच टप्प्याटप्प्याने गाडी बनवायचा कार्यक्रम आहे त्यांनीच राहावं, नुसत्या जुळवणीला जागा नाही. बाजार छोटा आणि अट मोठी, त्यामुळे अमेरिकन कंपन्यांनी हिशेब केला आणि निघाल्या. १९५४ मध्ये शिवडीचा कारखाना बंद झाला.

दुसरा ठिपका कुर्ला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. आधी क्रायसलरशी हातमिळवणी करून, मग इटलीच्या फियाटच्या परवान्यावर गाड्या कुर्ल्यात बनू लागल्या. इथे परदेशी कंपनी मालक म्हणून आलीच नाही. तिने नकाशे दिले, साचे दिले, हक्काचे पैसे घेतले. फियाट ११०० चं पुढे प्रीमियर पद्मिनी झालं आणि तिची काळी-पिवळी टॅक्सी झाली. हँडलजवळचा तो गिअर टाकताना होणारा आवाज ज्याने ऐकलाय त्याला वेगळं वर्णन नको. शेवटची नोंदणी झालेली पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ची. वीस वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती मुंबईच्या रस्त्यावरून गेली.

या बंदिस्त काळाबद्दल लोक एक तर गळा काढतात, नाही तर शिव्या घालतात. मला दोन्ही पटत नाही. गाडी जुनाट राहिली, कारण स्पर्धाच नव्हती आणि नंबर लावून वर्षानुवर्षं थांबणारं गिऱ्हाईक हक्काचं होतं. पण त्याच काळात पिस्टन, स्प्रिंगा, गॅस्केटं, फोर्जिंग इथे बनू लागलं. पोळी बेचव होती, डाळ मात्र घरी शिजत होती. ट्रकच्या बाबतीत टाटांनी १९५४ ते १९६९ अशी पंधरा वर्षं जर्मनीच्या डाइमलर-बेन्झशी करार करून जमशेदपूरला शिकून घेतलं आणि करार संपल्यावर स्वतःच्या नावाने ट्रक विकले. शिकायचं ठरवलं की नुसत्या परवान्यावरही शिकता येतं, हे त्यातून दिसतं.

मग मारुती. ही गोष्ट मुंबईची नाही, पण तिच्याशिवाय बाकी काही उलगडत नाही.

१९८२ मध्ये सरकारच्या मारुती उद्योगात जपानच्या सुझुकीने २६ टक्के भागीदारी घेतली. १४ डिसेंबर १९८३ ला पहिल्या गाडीची चावी इंदिरा गांधींच्या हातून दिली गेली. सुरुवातीची मारुती बहुतेक जपानी खोक्यांतूनच बाहेर पडत होती, म्हणजे शिवडीचीच पुनरावृत्ती. फरक पडला तो अटीमुळे आणि नशिबामुळे. अट अशी, की काही वर्षांत बहुतांश भाग इथले झाले पाहिजेत. नशीब असं, की सप्टेंबर १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच श्रीमंत देशांनी डॉलर उतरवायचा करार केला आणि येन भराभर महागला. जपानी भाग आणणं परवडेना. एरवी 'इथला माल चालत नाही' म्हणत टाळता आलं असतं, ते आता निमूट करावं लागलं.

पण भाग बनवणार कोण? मारुतीने पुरवठादार शोधून त्यांच्यात स्वतःचे पैसे घातले, त्यांची जपानी कंपन्यांशी गाठ घालून दिली. काचेसाठी असाही इंडिया, एसीसाठी सुब्रोस, स्टीअरिंगसाठी सोना, सीटसाठी भारत सीट्स. ही नावं भाच्याने ऐकलीही नव्हती. का ऐकावीत? बॉनेटवर ती लिहिलेली नसतात. माझ्या मते परदेशी गुंतवणुकीचा खरा माल हाच. सुझुकीने ओतलेली रक्कम आज क्षुल्लक वाटेल. पण पन्नास पुरवठादारांच्या शॉप फ्लोअरवर दर तासाला माप तपासायची, खराब नग का आला याच्या मुळाशी जायची सवय लागली. ती सवय पुढे टाटांच्या, महिंद्रांच्या आणि ह्युंदाईच्याही कामी आली, कारण पुरवठादार काही एकट्या मारुतीचा राहत नाही.

आपल्याकडे पाणलोटाच्या कामाची घोषणा आहे ना, 'पाणी अडवा, पाणी जिरवा'? परदेशी पैशाचं अगदी तसंच आहे. पाऊस किती मिलिमीटर झाला हे सगळे सांगतात. विहिरीला पाणी किती आलं हे उन्हाळ्यात कळतं.

सुझुकीचा वाटा पुढे वाढत गेला: १९९२ मध्ये ५० टक्के, २००२ मध्ये ५४ टक्क्यांच्या वर. ताबा देण्याबद्दल सरकारने १,००० कोटी घेतले. २००३ मध्ये मारुतीचा शेअर १२५ रुपयांना बाजारात आला. मी अर्ज भरला नाही. याबद्दल घरी अजून ऐकून घ्यावं लागतं, ते असो.

१९९१ च्या उदारीकरणानंतर, १९९३ मध्ये गाड्या बनवायला परवान्याची गरज उरली नाही आणि रीघ लागली. मर्सिडीज, देवू, फोर्ड, जनरल मोटर्स, होंडा, ह्युंदाई, टोयोटा. सरकारला शिवडीचा धडा आठवत होता, म्हणून १९९७ मध्ये प्रत्येकाकडून करार करून घेतला: किमान पाच कोटी डॉलरचं भांडवल आणा, तीन वर्षांत निम्मे आणि पाच वर्षांत सत्तर टक्के भाग इथले वापरा, जेवढी आयात कराल त्याच्या तोडीची निर्यात करा. युरोप-अमेरिकेने याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि २००१ मध्ये निकाल आपल्या विरोधात गेला. २००२ च्या धोरणाने या अटी गेल्या आणि वाहन उद्योगात शंभर टक्के परदेशी मालकी आपोआप मार्गाने खुली झाली. आपोआप म्हणजे दिल्लीची आगाऊ परवानगी नको. पैसा आणा, शेअर द्या, फॉर्म भरा. मग स्थानिक भाग वापरायला लावतं कोण? वर सांगितलेली कराची उतरंड. अट गेली, पण जकातीचा बडगा राहिला.

दार उघडलं म्हणून सगळे टिकले असं मात्र झालं नाही. आपल्या डोंबिवली-कल्याण पट्ट्यात प्रीमियरने फ्रान्सच्या पेजोबरोबर ३०९ नावाची गाडी काढली होती. कामगारांचा तंटा पेटला आणि १९९७ मध्ये फ्रेंच मंडळी निघून गेली. देवू मायदेशातच बुडाली. जनरल मोटर्स दुसऱ्यांदा आली आणि दुसऱ्यांदा गेली: २०१७ संपता संपता इथली विक्री थांबवली, तळेगावचा कारखाना २०२० पर्यंत निर्यातीसाठी चालवला. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये आवरतं घेतलं आणि दहा वर्षांत दोन अब्ज डॉलरहून जास्त तोटा झाल्याचं सांगितलं. या अमेरिकन कंपन्यांना पैसा कमी पडला नव्हता. इथलं गिऱ्हाईक आधी 'किती देते?' विचारतं, मग सर्व्हिस सेंटर घराजवळ आहे का आणि विकताना भाव काय येईल ते. ह्युंदाईने १९९८ मध्ये सँट्रो आणली ती हे ओळखून. अमेरिकन मोटारींच्या माहेरात, डेट्रॉइटमध्ये ठरलेली गाडी इथे गोड मानून घ्यायला कोणी तयार नव्हतं.

ह्युंदाईने आणखी एक केलं, ज्याचं मला पूर्ण कौतुक करता येत नाही. चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरला येताना तिने कोरियातले स्वतःचे पुरवठादार सोबत आणले. कारखाना लवकर उभा राहिला, दर्जा सांभाळला गेला. पण मुख्य पुरवठादाराची खुर्ची कोरियन कंपनीला मिळते आणि तिच्या हाताखाली जॉबवर्क उरतं ते आपल्या माणसाला. भोसरी किंवा चाकणच्या एमआयडीसीत सीएनसी मशीन टाकून बसलेल्या छोट्या व्हेंडरला विचारा. वरच्याने दर कापला की तो याच्यापर्यंत सरळ पोचतो; नवीन तंत्र मात्र वाटेत कुठेतरी अडकतं.

आता भाच्याचा दुसरा प्रश्न: "आलेला पैसा परत जातो का?"

जातो. जायलाच येतो. धर्मादाय म्हणून कोणी कारखाना काढत नाही. जाण्याच्या वाटा तीन. पहिली लाभांशाची. दुसरी रॉयल्टीची: नाव आणि तंत्रज्ञान वापरण्याबद्दल विक्रीचे काही टक्के मूळ कंपनीला, नफा होवो न होवो. तिसरी, शेअरच विकून टाकण्याची. ऑक्टोबर २०२४ मध्ये ह्युंदाईच्या भारतीय कंपनीचा २७,८७० कोटींचा आयपीओ, म्हणजे बाजारातली पहिली शेअरविक्री, आला, तोवरचा देशातला सर्वांत मोठा. अनेकांना वाटलं, एवढ्या पैशात नवे कारखाने येणार. पण ती संपूर्ण विक्री जुन्या शेअरची होती. म्हणजे आपल्या लोकांचा पैसा दलाल स्ट्रीटवरून थेट कोरियातल्या मूळ कंपनीकडे गेला, भारतीय कंपनीच्या तिजोरीत एक रुपयाही आला नाही. यात बेकायदा काही नव्हतं, सगळं अर्जाच्या पुस्तिकेत छापलेलं होतं. पुस्तिका वाचतो कोण?

म्हणून 'ढोबळ' आणि 'निव्वळ' हे दोन शब्द वेगळे ठेवायचे. २०२४-२५ मध्ये सर्व क्षेत्रं मिळून देशात सुमारे ८१ अब्ज डॉलरची ढोबळ थेट गुंतवणूक आली. त्याच वर्षी साधारण ५१ अब्ज परदेशी मालकांनी काढून नेले. भारतीय कंपन्यांनी स्वतः बाहेर जवळजवळ २९ अब्ज गुंतवले. वजाबाकी करा, निव्वळ उरतं जेमतेम अब्जभर, किंवा त्याहूनही कमी. मंत्री पहिला आकडा सांगतात, विरोधक शेवटचा, आणि दोघंही खरंच बोलत असतात.

त्या बाहेर जाणाऱ्या पैशाकडे मात्र नाक मुरडू नये. २००८ मध्ये बॉम्बे हाऊसने, म्हणजे टाटांनी, फोर्डकडूनच जॅग्वार-लँड रोव्हर २.३ अब्ज डॉलरला घेतली. तेव्हा ब्रिटनच्या खात्यात ती भारतातून आलेली परदेशी गुंतवणूक होती. पुढे फोर्डचा गुजरातमधल्या साणंदचा कारखानाही टाटांनीच घेतला. महिंद्रांनी कोरियाची सँगयाँग घेतली तेव्हा हात पोळले. म्हणजे परक्या देशात जाऊन फसायची मक्तेदारी काही डेट्रॉइटची नाही.

तळेगावच्या त्या कारखान्याचं पुढे काय झालं, तेही सांगण्यासारखं आहे. चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सने तो घ्यायचं जानेवारी २०२० मध्ये ठरवलं. एप्रिलमध्ये केंद्राने नियम बदलला: ज्या देशांची जमीन आपल्या सीमेला लागते, तिथून येणाऱ्या गुंतवणुकीला आपोआप मार्ग बंद, आधी परवानगी हवी. मग गलवान घडलं. परवानगी आलीच नाही, २०२२ मध्ये व्यवहार मोडला आणि २०२३ मध्ये कारखाना ह्युंदाईने घेतला. मधली वर्षं तिथल्या कामगारांनी नोटिसा, कोर्ट आणि नुकसानभरपाईच्या वाटाघाटीत काढली. पैसा कुठल्या देशाचा, यालाही पुन्हा किंमत आली आहे.

आणि विजेच्या गाड्यांमुळे पुरणपोळीचा हिशेब जवळपास पहिल्यापासून मांडावा लागतोय. इंजिन, गिअरबॉक्स, सायलेन्सर यांत आपण चाळीस वर्षांत तरबेज झालो. विजेच्या गाडीला ते लागतच नाही. तिची निम्मी जान बॅटरीत आणि मोटरच्या चुंबकात. बॅटरीचे सेल आणि चुंबकं मुख्यतः चीनमधून येतात. एप्रिल २०२५ मध्ये चीनने चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले तेव्हा इथल्या कंपन्यांची धावाधाव झाली. सरकारने मार्च २०२४ मध्ये परदेशी कंपन्यांसमोर नवा सौदा ठेवला होता: तीन वर्षांत ४,१५० कोटी घाला, इथे कारखाना काढा, पाच वर्षांत निम्मं मूल्य इथेच तयार करा, मोबदल्यात वर्षाला आठ हजारांपर्यंत तयार गाड्या फक्त १५ टक्के शुल्कात आणा. १९९७ चाच करार, या वेळी गळ्यात हात टाकून. टेस्लाला यात रस नाही, तिला फक्त शोरूम उघडायच्या आहेत, असं अवजड उद्योग मंत्री कुमारस्वामी यांनी जून २०२५ मध्ये सांगून टाकलं. दुसऱ्या महिन्यात बीकेसीत फीत कापली गेली.

भाचा म्हणाला, "म्हणजे त्या गाडीत आपलं काहीच नाही?"

तसंही नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये वाणिज्य मंत्री पीयूष गोयल यांनी सांगितलं होतं, की टेस्लाने आदल्या वर्षी भारतातून एक अब्ज डॉलरचे सुटे भाग विकत घेतले. हे भाग देणारे कारखाने एका रात्रीत उगवलेले नाहीत. तेव्हा एखादा गिअर किंवा एखादं फोर्जिंग इथून बोटीत बसून गेलं असेल, तिकडे गाडीत बसलं असेल आणि आपल्याच सरकारला शुल्क भरून, कुर्ल्याच्या जुन्या प्रीमियरपासून रिक्षाच्या अंतरावर, काचेआड येऊन उभं राहिलं असेल.

"पुढच्या खेपेला गेलास की वाकून बघ," मी म्हटलं.

"मामा, तिथे हात लावू देत नाहीत," तो म्हणाला.